भौतिकशास्त्राच्या संघटना आणि कोकण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतले विद्यार्थी, पालक आणि शिक्षक भौतिकशास्त्राच्या संघटनांबद्दल जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं देणारा कोकणातच भौतिकशास्त्र शिकवतो आणि अशा एका संघटनेचा साधा सभासद आहे, पदाधिकारी नाही. त्यामुळे मतं माझी आहेत. कुठे तिखट वाटली तर तो तिखटपणाही माझाच.

भौतिकशास्त्राची संघटना म्हणजे सरकारी खातं की क्लास?

दोन्ही नाही. एकाच विषयात काम करणाऱ्या माणसांनी वर्गणी काढून, घटना लिहून, रीतसर नोंदणी करून उभी केलेली ही संस्था असते. बर्लिनमध्ये १८४५ साली अशी संस्था निघाली, लंडनमध्ये १८७४ साली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मे १८९९ मध्ये ३६ जण जमले आणि अमेरिकन फिजिकल सोसायटी सुरू झाली. सुरुवातीचं काम अगदी साधं होतं: आपण काय मोजलं ते चार जाणकारांसमोर मांडायचं, त्यांनी शंका काढायच्या, आणि त्यातून जे तगेल ते छापायचं. परीक्षा, पुरस्कार, शाळांसाठीचे कार्यक्रम, सरकारला सल्ला हे सगळं नंतर आलं.

पालकांसाठी एक खुलासा. संघटना पदवी देत नाही, प्रवेश मिळवून देत नाही, नोकरीही लावत नाही. तसं आश्वासन कोणी देत असेल तर ती संघटना नव्हे.

भारतात अशा कोणत्या संघटना आहेत? आमच्या जवळची कोणती?

कोलकात्याची इंडियन फिजिकल सोसायटी १९३४ सालची. तिच्या स्थापनेत मेघनाद साहांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी सी. व्ही. रामन यांनी बंगळूरला इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस काढली, पण तिथे अर्ज करून सभासद होता येत नाही, निवड होते. संशोधकांची इंडियन फिजिक्स असोसिएशन १९७० ची. शिक्षकांची इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स, म्हणजे आय.ए.पी.टी., डॉ. डी. पी. खंडेलवाल यांनी १९८४ साली कानपूरहून सुरू केली. खगोलशास्त्रज्ञांची अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया १९७२ ची.

मराठीतून काम करणाऱ्यांत मराठी विज्ञान परिषद (१९६६, मुंबई) सगळ्यांत व्यापक. तिचा विषय नुसतं भौतिकशास्त्र नाही, सगळं विज्ञान आहे. आकाश पाहायची आवड असेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (१९४४) आणि मुंबईचं खगोल मंडळ (१९८५) आहेतच. देशोदेशींच्या भौतिकशास्त्रज्ञांना एकत्र बांधणारा आंतरराष्ट्रीय संघ १९२२ पासून आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांचा त्याच्याशी थेट संबंध कधी येत नाही.

माझं मत विचाराल तर कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकाने आय.ए.पी.टी. पाहावी, पीएच.डी. करणाऱ्याने फिजिक्स असोसिएशन, आणि शाळेच्या शिक्षकाने किंवा नुसत्या हौशी माणसाने मराठी विज्ञान परिषद.

या संघटना दिवसभर करतात तरी काय?

सर्वांत मोठं काम बाहेरून दिसत नाही: नियतकालिकं चालवणं. संशोधकाने लेख पाठवला की संपादक तो त्याच विषयातल्या दोघा-तिघांकडे देतो. ते आपलं नाव न सांगता शेरे मारतात. मोजमापात त्रुटी किती, हे आधी कोणी केलंय का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो की लेखकाच्या उत्साहातून. या कामाचा परीक्षकाला सहसा एक पैसाही मिळत नाही. आपल्याकडे ‘प्रमाण’ हे नियतकालिक १९७३ पासून इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस काढते, फिजिक्स असोसिएशनच्या सहकार्याने. फिजिक्स असोसिएशनचं स्वतःचं त्रैमासिक ‘फिजिक्स न्यूज’ त्यापेक्षा वाचायला सोपं, आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला झेपेल असं असतं.

दुसरं काम परिषदांचं. लोक म्हणतात, परिषदा म्हणजे चहा-बिस्किटं आणि सत्कार. काही तशा असतातही. पण चांगल्या परिषदेत व्याख्यानापेक्षा बाहेरच्या भिंतीपाशी जास्त घडतं. तिथे विद्यार्थी आपलं पोस्टर लावून उभा असतो आणि ज्यांची पुस्तकं वाचून तो शिकला ते गृहस्थ येऊन विचारतात, ‘हा बिंदू रेषेच्या बाहेर का गेला?’ कोकणातल्या मुलाला हा प्रश्न विचारणारा माणूस कॉलेजात क्वचित भेटतो. संघटनेचा खरा उपयोग तिथे आहे.

बाकी परीक्षा, शिक्षकांची शिबिरं, पारितोषिकं आणि जागतिक वर्षं साजरी करणं. २००५ हे भौतिकशास्त्राचं वर्ष झालं, २०१५ प्रकाशाचं, २०२५ क्वांटम विज्ञानाचं. या वर्षांच्या मागे संघटनांचाच पाठपुरावा होता. बॅनर खूप लागतात, पण त्यानिमित्ताने शाळांचे दरवाजे उघडतात हेही खरं.

विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला म्हणतात. खरं आहे का? आणि त्याचा संघटनांशी काय संबंध?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली भारतावरून गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्याला तेजस्वी रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही दिसतील असं त्याला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या तशा पाहिल्याही. हा शोध विजयदुर्गावर लावला असं लोक ज्याच्याबद्दल सांगतात, तो ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या ग्रहणाला भारतात नव्हताच. तो इंग्लंडमध्ये होता, आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने तिथूनच, ग्रहणाशिवाय, त्याच ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यात एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या शेजारी होती, पण सोडियमची नव्हती. आजच्या मापात ती ५८७.६ नॅनोमीटरवर येते. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव आलं. प्रत्यक्ष वायू हाती लागला १८९५ मध्ये, विल्यम रॅमसेला, युरेनियमच्या एका खनिजातून.

मग विजयदुर्ग कुठे येतो? २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. त्या वेळी लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आला होता. ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते. त्यांना कवायतीसारखं शिकवून त्याने दुर्बिणींवर आणि कॅमेऱ्यांवर बसवलं. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जे दाखवतात, त्यांची सांगड घालायची तर ती या मोहिमेशी घातलेली बरी. ऑगस्टात कोकणात आभाळ कसं असतं हे आपल्याला कोणी सांगायला नको. जानेवारीत ते स्वच्छ असतं.

म्हणजे हेलियम विजयदुर्गावर सापडला नाही. पण त्याचा एक शोधक तीस वर्षांनी दोनेक मिनिटांच्या अंधारासाठी आपल्या किल्ल्यावर येऊन राहिला. मला ही खरी हकीकत लोक सांगतात त्या हकीकतीपेक्षा जास्त आवडते.

आता संघटनांचा संबंध. १८९८ चं ग्रहण एकट्यादुकट्याने पाहिलं नाही. विजयदुर्गच्या निरीक्षणांचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी निरीक्षकांची संघटना; तिच्या मोहिमेतून वॉल्टर आणि अॅनी माँडर हे दांपत्य वऱ्हाडातल्या तळणीला गेलं होतं, आणि सूर्याच्या प्रभामंडलाचा लांबच लांब पसरलेला झोत अॅनीच्या छायाचित्रात आला. पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला जेऊरला होते. निरीक्षक असे लांब लांब पसरले की एका ठिकाणी ढग आले तरी सगळं बुडत नाही, आणि मागाहून सगळ्यांची टिपणं शेजारी ठेवून तपासता येतात. याच अॅनी माँडरला रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने सभासद करून घेतलं ते १९१६ मध्ये, कारण तोवर तिथे बायकांना प्रवेशच नव्हता. संघटना चांगलं काम करतात तशा हट्टीपणाही करतात.

कोकणात भौतिकशास्त्राचं खरंखुरं संशोधन कुठे चालतं?

अलिबागला जा. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. १ आणि २ सप्टेंबर १८५९ चं प्रचंड सौर वादळही तिथे नोंदलं गेलं. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून १९०४ साली समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली. संचालक होते नानाभाई मूस. कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी दोन वर्षं एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता येईल. हा सबुरीचा भाग मला फार मोलाचा वाटतो. ट्राम आल्या १९०७ मध्ये आणि कधीच गेल्याही. अलिबागच्या नोंदी चालूच आहेत. हे काम आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तिचं मुख्यालय नवीन पनवेलला, म्हणजे तेही रायगड जिल्ह्यातच.

एका वेधशाळेची नोंद एकटीने फारसं सांगत नाही. जगभरच्या नोंदी एकाच पद्धतीने घेतलेल्या असतील, एकाच मापात असतील, तरच त्यातून वादळाचा आकार कळतो. हे ठरवायला आंतरराष्ट्रीय संघटना लागतात. १९५७-५८ चं भूभौतिकी वर्ष त्यातूनच पार पडलं.

मुलगी अकरावी सायन्सला आहे. ऑलिंपियाडला बसवायची तर काय करायचं?

पहिली पायरी म्हणजे आय.ए.पी.टी. घेते ती राष्ट्रीय प्रमाण परीक्षा. ती साधारण नोव्हेंबरच्या शेवटाकडे असते आणि नोंदणी त्याच्या बरीच आधी, पावसाळा संपायच्या सुमाराला बंद होते. गणपतीच्या गडबडीत ती तारीख निसटते, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. पुढचे टप्पे मुंबईत मानखुर्दला असलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सांभाळतं. दुसऱ्या परीक्षेतून देशभरातले पस्तीसेक विद्यार्थी शिबिराला बोलावतात आणि त्यातून पाच जणांचा संघ आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडला जातो. ही स्पर्धा १९६७ मध्ये वॉर्सात सुरू झाली. भारत १९९८ पासून जातो, २०१५ मध्ये ती मुंबईत भरली होती, आणि २०१८ मध्ये लिस्बनला भारताच्या पाचही मुलांना सुवर्णपदक मिळालं.

पाच जणांत येणं हे ध्येय ठेवू नका. पहिल्या परीक्षेचे जुने पेपर सोडवणं एवढ्यानेही मुलीला कळतं की सूत्रात आकडे घालणं म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. कोटा-पॅटर्नच्या क्लासला हे कळवायला दोन वर्षं लागतात, आणि कधी कधी ते कळतच नाही.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. शेवटच्या स्पर्धेत एक पेपर लेखी असतो आणि दुसरा प्रयोगाचा, दोन्ही पाच-पाच तासांचे. आपली हुशार मुलं अडतात ती दुसऱ्यात. जर्नल दुसऱ्याचं उतरवून प्रॅक्टिकल पार पाडायची आपली पद्धत तिथे उघडी पडते.

शाळेतल्या मुलांसाठी सहावी आणि नववीला डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. ती मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना घेते आणि मराठीतून देता येते. तिच्यात प्रयोगही असतो. सुरुवात तिथून करावी.

कॉलेजात उपकरणं धड नाहीत. संघटना काही देते का?

उपकरणं फुकट देत नाही. शिकवते. आय.ए.पी.टी.चं ‘अन्वेषिका’ नावाचं केंद्रांचं जाळं आहे. डॉ. एच. सी. वर्मा यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं. पेंढा, फुगा, आरसा, चुंबक, बॅटरी अशा वस्तूंतून नीट मोजता येणारे प्रयोग बसवायचे, असा त्याचा रोख असतो. विज्ञान अकादमींच्या प्रायोगिक भौतिकशास्त्राच्या उजळणी वर्गांतही शिक्षक स्वतः हाताने प्रयोग करून जातो. अशा एखाद्या शिबिराला जाऊन आलेला शिक्षक कपाटातली बंद पडलेली अर्धी उपकरणं दुरुस्त करून चालू करतो, हे मी पाहिलेलं आहे.

कोकणात उपकरणं मरतात ती हवेने. भिंगांवर बुरशी, मोजपट्ट्यांवर गंज, वायरींवर हिरवट थर. यावर जुना उपाय अजून चांगला आहे: भिंगांच्या बंद कपाटात पावसाळाभर एक छोटा दिवा लावून ठेवणे आणि सिलिका जेलच्या पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर भाजून परत ठेवणे. याला अनुदान लागत नाही, शिपायाला रोज आठवण करावी लागते एवढंच. कोकणात वीज जाणं हे धरूनच चालावं, म्हणून जूनमध्ये लोलक आणि प्रकाशाचे प्रयोग उरका, विजेचे दिवाळीनंतर ठेवा.

आणि मोबाइल आहे. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत अॅप मोबाइलमधल्या संवेदकांचे आकडे थेट दाखवतं. मैदानात उभं राहून चुंबकीय क्षेत्र मोजलं तर चाळीस मायक्रोटेस्लाच्या आसपास येतं. मग तोच फोन उभ्या एस.टी.जवळ न्या. अलिबागची वेधशाळा ट्रामपासून लांब का नेली हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

सभासद होऊन शिक्षकाला काय मिळतं? पगार वाढतो का?

नाही. अंक येतो, शिबिराची सूचना वेळेवर येते, परीक्षेचं केंद्र आपल्या कॉलेजला मागता येतं. केंद्र मिळालं तर मंडणगडच्या किंवा दोडामार्गच्या मुलाला आदल्या रात्री मुक्कामाला कुठे जावं लागत नाही, आणि मला वाटतं या एका कारणासाठीही सभासद व्हावं. आजीव वर्गणी एकदाच भरायची असते. ती जितकी आहे तितके आपण एका लग्नाच्या अहेराला घालतो.

पदोन्नतीच्या फॉर्ममध्ये ‘व्यावसायिक संघटनेचं सभासदत्व’ असा रकाना असतो म्हणून पुष्कळ जण भरतात आणि नंतर अंकाचं वेष्टनही फोडत नाहीत. त्यांनाही संघटना हाकलत नाही.

पदवीच्या मुलांसाठी काही आहे का?

आहे, आणि त्याचा उपयोग फार कमी जण करतात. आय.ए.पी.टी.ची पदवी स्तरावरची वेगळी राष्ट्रीय परीक्षा आहे. तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे. निवड झाली तर दोनेक महिने एखाद्या नामांकित प्रयोगशाळेत काम करता येतं, आणि शिक्षकांनाही अर्ज करता येतो. होमी भाभा केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम २००४ पासून चालू आहे. यांत निवड न झालेल्याचंही नुकसान होत नाही: ‘मला हे का करायचंय’ असं एक पान स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं, आणि बी.एस्सी.च्या तीन वर्षांत तेवढं कुणी लिहून घेत नाही.

मुलींना या क्षेत्रात आणण्यासाठी संघटना काही करतात की नुसते ठराव?

ठराव आधी, काम हळूहळू. फिजिक्स असोसिएशनने स्त्री-पुरुष समानतेसाठी कार्यगट नेमला आहे. त्यांच्या २०१९ च्या हैदराबाद परिषदेतून एक सनद निघाली. तिचा सूर असा की संस्थांनी स्त्रियांच्या कमी संख्येचं कारण स्त्रियांमध्ये शोधू नये, आपल्या कारभारात शोधावं. आपल्या कॉलेजांत बी.एस्सी.च्या वर्गात मुली भरपूर दिसतात. पुढे पीएच.डी.ला मुंबई-पुण्याला पाठवायची वेळ आली की घरात चर्चा बदलते. सनद त्या घरात पोहोचत नाही. त्या गावातून शिकून गेलेली एखादी मोठी ताई येऊन बोलली तर पोहोचते. व्याख्यानाला कोणाला बोलवायचं हे ठरवताना आयोजकांनी याचा विचार करावा.

जैतापूर प्रकल्पाबद्दल भौतिकशास्त्राच्या संघटनेची बाजू कोणती?

संघटनेने प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात मतदान करावं अशी अपेक्षाच मला चुकीची वाटते. राजापूर तालुक्यातल्या माडबनला १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट, असा मूळ आराखडा होता. त्यातले काही प्रश्न भौतिकशास्त्राचे आहेत: किरणोत्सार कोणत्या एककात मोजतात, जांभ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला निसर्गतःच किती मात्रा मिळते, समुद्रात सोडलेलं कोमट पाणी किती अंतरावर मिसळतं, भूकंपाचा धोका कसा मांडतात. यांची उत्तरं सोप्या मराठीत, आकड्यांसह, आणि अनिश्चितता न लपवता देणं हे संघटनेचं काम. जमिनीचा मोबदला किती, साखरी नाट्याच्या मच्छीमारांचं काय, ग्रामसभेचं ऐकायचं की नाही, हे प्रश्न भौतिकशास्त्राचे नाहीत. तिथे भौतिकशास्त्रज्ञाचं मत चहाच्या टपरीवरच्या मताइतकंच.

दोन्ही बाजूंच्या सभांत मी चुकीची एककं ऐकलेली आहेत. संघटनेच्या लोकांनी तिथे हजर राहून निदान तेवढी दुरुस्ती करायला हवी होती. ते फारसं झालं नाही.

‘आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक पुरस्कारासाठी आपली निवड’ असा ई-मेल आलाय. स्वीकारू का?

पैसे मागितलेत? मग नको. खरी संघटना पुरस्कार देताना नोंदणी शुल्क, स्मृतिचिन्हाचा खर्च वगैरे मागत नाही. नोंदणी क्रमांक, पदाधिकाऱ्यांची नावं आणि मागच्या वर्षीचा हिशेब पाहायला मिळत नसेल तर विषय तिथेच संपवा. आठवड्याभरात लेख छापून देतो म्हणणाऱ्या नियतकालिकांचंही तेच.

विज्ञान प्रदर्शनासाठी कोकणातलाच एखादा विषय सुचवा.

ज्वालामुखी आणि पाण्यावर चालणारी गाडी आता पुरे. किनाऱ्यावर इतकं काही पडलंय.

भरती-ओहोटी घ्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हे दालदी-गाबित मच्छीमारांच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतं: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. मग हा हिशेब पंधरा दिवसांत किती घसरतो? जेट्टीच्या खांबावर खुणा करून महिनाभर वेळा टिपा, उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या) आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या) भरतीतला फरक मोजा, आणि छापील कोष्टकाशी ताडून पाहा. उधाणाला मुंबईत पाणी जितकं चढतं तितकं मालवणात चढत नाही. तेव्हा दोन शाळांनी मिळून केलं तर आणखी मजा. कोळीवाड्यातल्या आजोबांना संघात घ्या, परीक्षक काय म्हणतील याची चिंता करू नका.

शून्य सावली घ्या. सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा दिवस वेंगुर्ल्याला साधारण ४ मे, रत्नागिरीला ८ मे, अलिबागला १४ मेच्या सुमाराला येतो. अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची लोकाभिमुख समिती या दिवसांचा प्रचार करते. किनाऱ्यावरच्या तीन गावांत एकाच दिवशी दुपारी उभ्या काठीची सावली मोजली, की अंतरं नकाशावरून घेऊन पृथ्वीचा घेर काढता येतो. असा दिवस वर्षातून दोनदा येतो, पण दुसरा जुलै-ऑगस्टात. त्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही.

लोलकाने गुरुत्वत्वरण मोजायचं असेल तर पाठ्यपुस्तकातला ९.८ डोक्यातून काढा. आपल्या अक्षांशावर, समुद्रसपाटीला, ते ९.७८ आणि ९.७९ च्या मध्ये येतं. तिथवर पोहोचायचं तर दोऱ्याची लांबी मिलिमीटरपर्यंत आणि शंभर झोक्यांची वेळ नीट घ्यावी लागते. ज्याचं उत्तर बरोबर ९.८० आलं त्याची वही आधी तपासावी.

काळबादेवीच्या काळ्या वाळूवरून चुंबक फिरवणं, तुरळ-राजवाडीच्या गरम झऱ्यांचं तापमान वर्षभर टिपणं, हेही चालेल.

शिक्षक नसलेल्या माणसाला सभासद होता येतं का?

मराठी विज्ञान परिषदेचं आणि खगोल मंडळांचं नक्की होता येतं. आंबा बागायतदार, बँकेतले, निवृत्त पोस्टमास्तर असे सगळे असतात. बाकीच्यांचे नियम त्यांच्याकडे विचारा.

आमच्या तालुक्यात व्याख्यान ठेवायचंय. वक्ता येईल का?

येतो. बहुतेक संघटनांत बोलायला तयार माणसं असतात. बोलावणारे कमी असतात. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, दीड-दोन महिने आधी पाठवा. श्रोते कितवीचे आणि माध्यम कोणतं ते लिहा, नाहीतर नववीच्या मुलांसमोर क्वांटम संगणकाच्या चाळीस स्लाइड येतात. २८ फेब्रुवारीला, म्हणजे रामन परिणामाच्या दिवशी, सगळ्यांनाच वक्ता हवा असतो. तुम्ही जानेवारी किंवा डिसेंबर मागा. शिमगा, गणपती आणि आंब्याचा हंगाम सोडा. कोकण रेल्वेचं आरक्षण आयोजकाने स्वतः काढावं, वक्त्यावर सोडू नये. मराठीतून बोलाल का, हे स्पष्ट विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. प्रोजेक्टरला इन्व्हर्टर जोडून ठेवा. प्रश्नोत्तरांना व्याख्यानाइतकाच वेळ द्या, आणि लांबच्या वाडीतल्या मुलांची शेवटची एस.टी. किती वाजता आहे ते वेळ ठरवायच्या आधी विचारून घ्या.